ऑफरोडिंग बंद करू नका, पण आधी बांधावर जाऊन विचारायला लावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं मावळातली बातमी आली होती, की ओढ्यात आठ-दहा जीपा घालून पोरांनी दुपारभर चिखल उडवला, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शेवटी पोलिसांना यावं लागलं. त्यावर दोन दिवसांनी वाचकांची पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ह्या लोकांना तालुक्यात शिरूच देऊ नका. मी सगळी पत्रं नीट वाचली. राग बरोबर आहे. पण मी स्वतः पुण्यातल्या एका छोट्या फोर बाय फोर क्लबचे (म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते अशा गाड्यांचा क्लब; त्या गाड्या रस्ता सोडून डोंगरात-चिखलात चालवणं म्हणजेच ऑफरोडिंग) वीकेंडचे इव्हेंट गेली नऊ वर्षं आखते, ती बातमीतली मंडळी आमची नव्हती, तरी गाडीवर तसेच जाडे टायर आणि बोनेटवर तसाच चिखल असल्यामुळं आता कुठल्याही गावात गेलं की लोक आधी संशयानं बघतात. म्हणून असा इव्हेंट नीट करायचा तर काय काय करावं लागतं हे एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

पहिल्यांदा आमचीच चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. नऊ वर्षांपूर्वीचा आमचा पहिला इव्हेंट, जुलैचा दुसरा आठवडा, चौदा गाड्या. पाऊस मस्त, सगळीकडं हिरवं, आम्ही खूश. जागा कशी ठरवली तर एकानं आधीच्या वर्षी ट्रेकला जाताना एक पाणंद बघितली होती, ती वर पठाराला जाते एवढंच आम्हाला माहीत, कुणाची जमीन, कुणाची वहिवाट काही विचारलं नाही. पाणंदीच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं. पाचवी गाडी वळणावर घसरली आणि तिचं मागचं चाक बांधावरनं खाली गेलं, दोन-अडीच हात बांध तुटला. आम्हाला आधी वाटलं की एवढंसं तर आहे, मातीच आहे. पण बांधामागं पाणी अडलेलं होतं, ते एकदम सुटलं आणि आदल्याच दिवशी आवणी झालेलं रोप घेऊन खालच्या खाचरात गेलं, तिथून त्याच्या खालच्या. ही खाचरं उतरंडीसारखी एकाखाली एक असतात, वरचं पाणी खालच्याला मिळतं, त्यामुळं एक बांध गेला की तीन घरांचं नुकसान होतं, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

एक आजोबा इरलं डोक्यावर घेऊन फावडं घेऊन आले. आम्हाला काही बोलले नाहीत. गवतासकट ढेकळं कापून त्या भगदाडात बसवायला लागले, एक थर ढेकळांचा, त्यावर पायानं तुडवून चिखल, परत ढेकळं. त्यांच्या घरच्या बाई खालच्या खाचरातनं वाहून गेलेली रोपं एकेक करून वेचत होत्या आणि हातात मूठ झाली की बांधावर ठेवत होत्या. आम्ही चौदा गाड्यांचे तीस जण महागडे रेनकोट घालून बघत उभे. मग आमच्यातले चौघं उतरले आणि ढेकळं वाहून द्यायला लागले, सव्वा तास लागला. मी पैसे पुढं केले तर आजोबा म्हणाले, "पैशाचं बघू नंतर, आता पाऊस उघडला तर ह्याच्यात पाणी आणू कुठनं ते सांगा." माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाऊस उघडला नाही हे आमचं नशीब.

त्या दिवसापासून आमचा पहिला नियम असा आहे की भाताच्या पट्ट्यात जूनपासून कापणी होऊन खळं उरकेपर्यंत इव्हेंट नाही. मेंबर कुरकुरतात, कारण ऑफरोड म्हटलं की सगळ्यांना पावसाळा आणि चिखलच पाहिजे असतो, व्हिडिओ पण तेच बघितलेले असतात. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी मोठी स्पर्धा होते ना मग आपण का नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो. तिथं ठरलेल्या जागेत आखलेले ट्रॅक असतात, आयोजकांची वेगळी टीम असते, रेस्क्यूची तयारी असते, आपण चार मित्र मिळून रविवारी जातो त्याच्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. चिखल पाहिजे असला तर आम्ही एक रस्ता काढलाय. एका शेतकऱ्याच्या मालकीची मुरमाची जुनी खाण आहे, उथळ, तिच्यात पावसाचं पाणी साठून चांगला राडा होतो आणि बाजूला पिक नाही. जुलैत जायचं तर तिथंच, ते पण आदल्या दिवशी खोली मोजून. बाकी इव्हेंट डिसेंबर ते मार्च, वरकस जमिनीवर, म्हणजे जिथं भात होत नाही आणि वर्षाआड नाचणी-वरई होते अशा उतारावर, मालकाला विचारून.

आता रेकी, म्हणजे जागेची आधी जाऊन केलेली पाहणी. माझ्या मते इव्हेंटचं सत्तर टक्के काम हेच आहे आणि ज्यांच्या इव्हेंटमध्ये गडबड होते त्यांनी हेच केलेलं नसतं. आम्ही तीन वेळा जातो. पहिल्या वेळी गाडी गावात लावून फक्त बोलायला, सरपंच, पोलीस पाटील, आणि ज्यांच्या जमिनीतनं ट्रॅक जाणार त्या प्रत्येक घरी, नुसतं सरपंचांना भेटून भागत नाही कारण सरपंच काही सगळ्यांच्या बांधाचे मालक नसतात. सातबारा बघतो. मालक पुण्यामुंबईला असतो आणि जमीन कसणारा दुसराच असतो असं बऱ्याचदा निघतं, तर दोघांनाही विचारतो. दुसऱ्या वेळी अख्खा ट्रॅक पायी. पायी म्हणजे पायीच, गाडीच्या सीटवरनं बघितलेला उतार आणि चालताना गुडघ्याला कळलेला उतार वेगळा असतो. हातात काठी, काठीला दर दहा सेंटीमीटरला टेप गुंडाळलेला. डबकं दिसलं की काठी घालून खोली बघायची आणि तळाशी दगड आहे की गाळ ते पण. महिंद्राच्या थार जीपच्या माहितीपत्रकात पाण्यातनं जायची मर्यादा ६५० मिलिमीटर दिलीय, म्हणजे गुडघ्याच्या वर थोडंसंच, पण पोरांच्या डोक्यात असं असतं की फोर बाय फोर आहे म्हणजे कुठंही जाते. वाहतं पाणी तर गुडघ्याएवढं असलं तरी गाडीला बाजूला ढकलतं. पावणेदोन टनाची गाडी आहे म्हणून ती जागची हलणार नाही असं समजणं चुकीचं आहे.

तिसऱ्या वेळी आदल्या दिवशी संध्याकाळी, चुन्यानं खुणा करायला. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ह्याच तिसऱ्या फेरीत आमचा एक मेंबर माळावर चुना टाकत चालला होता तर टिटवी एकदम डोक्यावर यायला लागली, ओरडून ओरडून, अगदी टोपीला लागेल एवढी खाली. तो थांबला आणि पायाकडं बघितलं तर दीड हातावर खड्यांमध्ये चार अंडी, मातकट रंगाची, त्यावर काळपट ठिपके, खड्यात खडा मिसळावा तशी. घरटं असं काही नसतंच टिटवीचं, उघड्या माळावर चार खडे सारून अंडी घालते. ती पायाखाली येता येता वाचली, गाडीतनं तर कुणालाच दिसली नसती. आम्ही ट्रॅक तिथून चाळीस पावलं बाजूला सरकवला आणि सकाळी एक माणूस तिथं लांब उभा केला. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर तर आम्ही गाडी घालतच नाही. तिथं खडकावर बोट-दोन बोट माती असते, पावसाळ्यात त्यात गेंद, सीतेची आसवं फुलतात, आणि चाकाची एक चाकोरी पडली की वर्षानुवर्षं तशीच राहते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं दिवसाला किती माणसं सोडायची यालाही मर्यादा आहे, पण बाकीची शेकडो छोटी पठारं तशीच उघडी आहेत आणि ती आपणच सांभाळायचीत.

ओढ्याचं तुमच्या बातमीत आलं म्हणून सांगते. आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पण ओढा ओलांडला होता, परत परत, फोटोसाठी. संध्याकाळी चहाला गावात आलो तर एका घरी ताईंनी तांब्या दाखवला, गढूळ पाणी. ओढ्याच्या खालच्या अंगाला गावाच्या नळयोजनेची विहीर होती, आम्हाला माहीतच नव्हतं. त्या दिवशी अख्ख्या गावानं पाणी फडक्यातनं गाळून, निवळून वापरलं. चिखल तरी खाली बसतो, पण गाडीच्या खालून ग्रीस आणि गळतीचं ऑइल पण जातं ना पाण्यात. तेव्हापासून आमच्या क्लबमध्ये वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही. रस्ताच ओढ्यातनं जात असला तर एकदाच, सावकाश, रस्त्याच्या जागेवरूनच. ह्या एका नियमावरून आमचे चार-पाच मेंबर सोडून गेले. जाऊ देत.

समुद्राचं पण तेच. जून २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्र्याला दोन थार रीलसाठी समुद्रात घातल्या आणि अडकल्या, पोलिसांनी गुन्हा दाखल केला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पितीत चंद्रा नदीत थार घालणाऱ्याला साडेतीन हजाराचा दंड झाला. हे व्हिडिओ लाखो लोकांनी बघितले आणि आता नवीन गाडी घेणाऱ्याला वाटतं की असंच करायचं असतं. कोकणच्या किनाऱ्यावर पण दर सुट्टीला कुणाची ना कुणाची गाडी वाळूत रुतलेली असते आणि भरती येत असते, मग गावातला ट्रॅक्टरवाला सगळं काम सोडून येतो.

पूर्वी हा छंद फार थोड्यांचा होता. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिथपासून जीप म्हणजे सरकारी खातं नाहीतर बागायतदार. माझी स्वतःची गाडी वडिलांची जुनी एमएम ५४० जीप आहे, पॉवर स्टिअरिंग नाही, दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग असं झटका मारतं की आत अंगठा घातलेला असला तर मोडायचा, म्हणून अंगठे बाहेर ठेवायचे हे वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. २०१० ला थार आली, २०२० च्या २ ऑक्टोबरला नवीन थार आली जी नाशिकला बनते, आपल्या पुण्याच्या फोर्सची गुरखा आहे, २०२३ ला मारुतीची जिम्नी आली. आता एसी, ऑटोमॅटिक, सगळं आहे आणि कालपर्यंत हॅचबॅक चालवणारा माणूस आज फोर बाय फोर घेऊन डोंगरात येतो. येऊ दे की, मला आनंदच आहे. पण त्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि शोरूममध्ये तर अजिबातच नाही.

त्यामुळं आमच्या इव्हेंटचा पहिला दीड तास शिकवण्यातच जातो. सगळ्या गाड्या थांबवून आधी टायरची हवा उतरवतो, बत्तीस असेल तर वीस-अठरापर्यंत. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, पण हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, चाक कमी फिरतं आणि जमीनही कमी उकरली जाते. परत डांबरी रस्त्यावर यायच्या आधी कॉम्प्रेसरनं भरायची, ती भरल्याशिवाय हायवेला जायचं नाही. मग फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) म्हणजे काय, उतारावर पहिल्या गिअरला गाडी सोडायची आणि क्लचवर पाय ठेवायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. चाक जागेवर फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोड, अजून दाबलास तर पोटापर्यंत रुतशील. आणि स्पॉटर एकच. गाडीपुढं उभा राहून हातानं खुणा करणारा माणूस एकच असतो, बाकी दहा जण दहा दिशांनी "उजवीकडं घे, उजवीकडं घे" ओरडायला लागले की ड्रायव्हर हमखास चुकतो. बेल्ट सगळ्यांनी, मागच्यांनी पण. दारू एक थेंब नाही, आदल्या रात्रीची उतरलेली नसली तरी किल्ली आम्ही काढून घेतो आणि ह्यावर वाद घालत नाही.

सगळ्यात जास्त भीती मला दोराची वाटते. रुतलेली गाडी ओढायचा कायनेटिक दोर ताणला जातो, त्याच्या लांबीच्या वीस-तीस टक्के, आणि त्या ताणानंच गाडी बाहेर येते. पण तो ताण सहन करणारी जागा गाडीला असावी लागते. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, एकानं बाजारातनं हूक घेऊन मागच्या बंपरला दोन बोल्टनं लावला होता, त्याच्यात दोर अडकवला, पुढच्या गाडीनं ओढलं आणि बोल्ट तुटले. नुसता बंदुकीसारखा आवाज आला. हूक दोरासकट उडून ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत सीटवर जाऊन पडला, सीटच्या कव्हरला वीतभर भोक. त्या सीटवर दहा मिनिटांपूर्वी त्या ओढणाऱ्या गाडीवाल्याचा सात वर्षांचा मुलगा बसला होता, भूक लागली म्हणून उतरला होता. मी ते कव्हर अजून ठेवलंय आणि दर इव्हेंटला सकाळी हातात घेऊन दाखवते, बोलावं फारसं लागत नाही. ट्रेलर ओढायचा जो गोळा असतो त्याला तर चुकूनही दोर लावायचा नाही, तो तुटून माणसं गेलेली आहेत. चेसीला (गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्याला) पक्का लावलेला हूक किंवा शॅकल (लोखंडी कडी) नसला तर त्या गाडीला आम्ही ट्रॅकवर सोडत नाही. दोर ताणायच्या आधी सगळी माणसं दोराच्या दीडपट लांब, गावातली पोरं बघायला येतातच तर त्यांना पण लांब, त्यासाठी दोन मार्शल नुसते पोरांकडं बघायला असतात. विंच म्हणजे गाडीला बसवलेलं तार गुंडाळून ओढायचं यंत्र, त्याच्या तारेवर जड गोणपाट नाहीतर सतरंजी टाकायची, तार तुटली तर तिचा झटका कमी होतो.

गाड्या किती घ्यायच्या हा पण प्रश्नच असतो. आम्ही अठरावर थांबतो, सहा-सहाचे तीन गट, प्रत्येकाला पुढं एक लीड आणि शेवटी एक स्वीप. अठराच्या वर गेलं की एक गाडी रुतली तरी मागं रांग लागते, लोक कंटाळतात, मग कुणीतरी बाजूनं काढतो आणि नेमका तोच शेतात शिरतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय. फोन येतात, ताई आमची एकच गाडी घ्या ना, जवळच्या ओळखीतले असतात, नाही म्हणताना वाईट वाटतं.

दवाखान्याचं पण आधीच बघून ठेवावं लागतं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथं सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का हे फोनवर न विचारता प्रत्यक्ष जाऊन विचारते, कारण ह्या डोंगरात घोणस आणि फुरसं भरपूर. १०८ ला फोन करायचा तर मोबाइलला रेंज पाहिजे, बऱ्याच ठिकाणी नसते, तर रेंज कुठल्या टेकाडावर येते ते रेकीतच बघून तिथं वॉकीटॉकी घेऊन एक माणूस बसवतो. इन्शुरन्सबद्दल तर बहुतेकांना माहीतच नाही, तुमच्या वाचकांनी आपल्या पॉलिसीचा कागद काढून बघावा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल अशा वापराला पॉलिसी लागू नाही. म्हणून आमच्याकडं घड्याळ लावायचं नाही, नंबर काढायचे नाहीत, बक्षीस नाही. शर्यत नसली की माणूस गाडी पण हळू चालवतो.

जेवण गावातच. महिला बचत गटाकडं आठवडाभर आधी सांगतो, पिठलं, भाकरी, ठेचा, भात, ताटाचा दर त्या ठरवतात आणि अर्धे पैसे आधी देतो. डबे-बाटल्या-प्लास्टिकच्या प्लेटा गावात न्यायच्याच नाहीत. प्रत्येक गाडीमागं वेगळी रक्कम काढून ठेवतो ती बांध, वाट, कुंपण यांच्या दुरुस्तीला, आणि दुरुस्ती इव्हेंट संपल्यावर त्याच संध्याकाळी, स्वतःच्या हातानं. आमच्या प्रत्येक गाडीत आता एक फावडं असतं.

आता ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. आम्ही परवानगी मागतो, पण परवानगी नेमकी कुणाकडं मागायची हेच कुठं लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी मी एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले, तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, तिसऱ्यानं विचारलं हे कशाखाली येतं, क्रीडा का पर्यटन का मिरवणूक? चार सुट्ट्या गेल्या. शेवटी एका साहेबांनी प्रेमानंच सांगितलं की मॅडम तुम्ही विचारूच नका, गुपचूप करून या. ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण गुपचूप करून येणारेच तुमच्या बातमीत आलेत. जो विचारतो त्याचे हेलपाटे आणि जो विचारत नाही त्याला काही नाही, असं असलं तर कोण विचारणार?

जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागं एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर जिल्ह्यात पावसाळी पर्यटनाच्या जागांवर बंदीचे आदेश निघाले, ते योग्यच होतं आणि ते आम्ही पाळतो. पण बंदी ही ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक काळापुरती असते, वर्षभर चालेल असं काहीतरी तालुका पातळीवर पाहिजे. एकच साधा अर्ज असावा. त्यात जमीनमालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीचं पत्र, गाड्यांचे नंबर, ट्रॅकचा हाताने काढलेला का होईना नकाशा, जबाबदार माणसाचं नाव, आणि नुकसानभरपाईची अनामत रक्कम. इव्हेंट झाल्यावर पोलीस पाटलांनी जागा बघावी आणि मगच अनामत परत मिळावी. राखीव जंगल कुठून सुरू होतं हे जमिनीवर कळेल अशा खुणा वनखात्यानं कराव्यात, कारण १९२७ च्या वन कायद्याखाली राखीव वनात शिरणं हा गुन्हा आहे आणि माळावर उभं राहिल्यावर हद्द कुठं आहे ते वनरक्षकाशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आम्ही तर दरवेळी त्यांनाच बरोबर घेऊन जातो. आणि पुण्याच्या आजूबाजूला मुरमाच्या, दगडाच्या इतक्या बंद पडलेल्या खाणी आहेत, त्यातली एखादी उथळ, पाणी न साठणारी खाण भाड्यानं दिली तर नवीन गाडीवाल्यांना शिकायला कायमची जागा होईल, गावाला उत्पन्न मिळेल, आणि ओढ्यात जायची ओढ पण बरीच कमी होईल.

आमच्या छंदातल्या मंडळींनाही ह्या पत्रातून हात जोडून विनंती आहे. रेकीला पायी जा. ज्याच्या बांधावरून जाणार त्याला घरी जाऊन भेटा, फोनवर नको. "कुणी काही बोललं नाही" म्हणजे परवानगी नव्हे. माणसं सोशिक असतात म्हणून बोलत नाहीत, पहिल्या वर्षीचे आजोबा पण काही बोलले नव्हते.

त्या आजोबांना आता आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्या जुलैनंतर दिवाळीत मी फराळ घेऊन त्यांच्याकडं गेले, बांध बघायचा होता, तर त्यांनी तो नीट दाखवला, गवत चांगलं धरलं होतं, कुठं तुटला होता ते मला ओळखताच आलं नाही. वरची वरकस जमीन त्यांनीच नंतर आम्हाला दाखवली आणि आमचा डिसेंबरचा इव्हेंट गेली सात वर्षं तिथंच होतो. तारीख ते सांगतात, आम्ही नाही. यंदा भात उशिरा निघतंय, परवाच फोन झाला तर म्हणाले खळं उरकू द्या, मग कळवतो. त्यामुळं तारीख अजून ठरलेली नाही, पण डिसेंबरातलाच एखादा रविवार असेल. तुमच्या वार्ताहरांना यायचं असेल तर जरूर पाठवा, फक्त गाड्या साडेनऊला सुरू होतात तेव्हा येऊ नका म्हणावं, सकाळी साडेसहाला बूट घालून या, चालत जायचंय.

आपली,
फोर बाय फोर क्लबची एक आयोजक,
पुणे